मागचा शॉक एका बाजूला टायरच्या जास्त जवळ का आला होता

देवरुखकडच्या घाटवाटांसाठी गाडीला आधीपेक्षा ५० मिमीने उंच स्प्रिंग आणि नवे शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे शॉक, बसवले. मागे बघतो तर शॉकचा वरचा भाग आणि टायर यांत डावीकडे १८ मिमी, उजवीकडे ३० मिमी फट. मेस्त्री म्हणाला, "स्प्रिंग बसल्या की आपोआप जमेल." जमणार कसं? दोन्ही बाजूंची उंची सारखीच होती.

गोम पॅनहार्ड रॉडमध्ये, म्हणजे ॲक्सलला डावी-उजवीकडे सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्यात. त्याचं एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणाऱ्या अखंड कण्याला. गाडी उचलली की रॉड तिरपा होतो, त्याची आडवी पोच कमी होते आणि ॲक्सल चॅसीकडच्या टोकाच्या बाजूला सरकतो. आमच्या गाडीत ते टोक उजवीकडे; शॉकचं वरचं टोक चॅसीलाच असल्यामुळे डावा टायर त्याच्या जवळ आला.

सपाट फरशीवर दोन्ही मडगार्डांवरून गवंड्याचा ओळंबा सोडून मोजलं. ॲक्सल ६ मिमी सरकला होता, म्हणजे फरकाच्या निम्मा. लांबी बदलता येणारा रॉड घातला, तेवढाच लांब केला. आता दोन्हीकडे २४.

रॉडच्या टोकांतल्या रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. जॅकवर आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. रॉडची लांबी पक्की धरणाऱ्या लॉकनटच्या आट्यांना ग्रीस हवंच, आपल्या खाऱ्या हवेत ते आटे एका पावसाळ्यात गंजून धरतात.