कॅचरचा हात नेमका कुठे दुखतो, हे आधी पाहावे

सॉफ्टबॉलमध्ये कॅचरच्या, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळणाऱ्या मुलाने किंवा मुलीने हात दुखत असल्याची तक्रार केली, की "कॅचरचा हात दुखायचाच" असे म्हणून मोठी माणसे विषय संपवतात. वाढत्या वयात हे उत्तर धोक्याचे आहे. मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीची कूर्चा असते आणि ती सांध्याला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. त्यामुळे ज्या माराने मोठ्या खेळाडूचे बोट नुसते मुरगळते, त्याच माराने मुलाचे हाड वाढीच्या जागी मोडू शकते. म्हणून सर्वप्रथम मुलाला दुसऱ्या हाताच्या एका बोटाने दुखरी जागा नेमकी दाखवायला सांगावे. मिटमधला (कॅचरच्या जाड भरणाच्या हातमोज्यातला) हात की उघडा हात, तळवा की पेर, अंगठ्याचे मूळ की नखाजवळची जागा, यावर पुढचे उपाय ठरतात.

मिटमधल्या हाताचा तळवा, विशेषतः तर्जनीच्या मुळाशी, दुखत असेल तर चेंडू मिटच्या खोलगट भागात न विसावता तळव्यावर आदळत असतो. १२ इंच घेराच्या चेंडूचे वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जास्त असते आणि कॅचरला तो सरावात एकामागून एक झेलावा लागतो. आपल्याकडे अनेक शाळांच्या किटमध्ये सर्वांना मिळून एकच मिट असते. ते लहान मुलीच्या हातात सैल बसते, ऐन झेलाच्या वेळी फिरते आणि चेंडू भलत्याच जागी लागतो. मिट मनगटाशी घट्ट बसते का, आतले भरण दबून पातळ झाले आहे का आणि चामडे इतके कडक तर नाही ना की मुलाला ते मिटताच येत नाही, हे प्रशिक्षकाने स्वतः हात घालून पाहावे. क्षेत्ररक्षणाचा साधा ग्लव्ह कॅचरला देऊ नये, कारण त्याच्या तळव्यात पुरेसे भरण नसते. मिटच्या आत पातळ, भरण असलेला हातमोजा घातल्यास पुष्कळ आराम पडतो.

याच हाताची तर्जनी वारंवार बधिर होणे, गार पडणे किंवा पांढुरकी दिसणे मात्र वेगळे आहे. रोजच्या आघातांनी बोटाच्या रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते आणि बेसबॉलच्या कॅचरांमध्ये ती नोंदवली गेली आहे. असे दिसल्यास झेलण्याचा सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर झेलण्याची पद्धत तपासावी. खालचा चेंडू घेताना मिटचा अंगठा जमिनीकडे वळला, की चेंडू त्याला मागे ढकलतो आणि आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला जातो किंवा तुटतो. डाव्या हातात मिट असलेल्या कॅचरने अंगठा स्वतःच्या नजरेने घड्याळातील दोन-तीनच्या आकड्यांकडे ठेवावा, कोपर शरीराला न चिकटवता किंचित वाकवून मोकळे ठेवावे आणि चेंडू येईपर्यंत बोटे सैल राहू द्यावीत. चिमटीत किल्ली धरून फिरवताना दुखत असेल किंवा पकड सुटत असेल, तर पुढच्या सामन्याची वाट पाहू नये.

उघड्या हाताच्या बहुतेक दुखापती टाळता येण्यासारख्या आहेत, म्हणून त्यांचे मला अधिक वाईट वाटते. क्रिकेट खेळत वाढलेली आपली मुले चेंडू दिसला की दोन्ही हात पुढे करतात. बॅटला निसटता लागून आलेला चेंडू त्या उघड्या बोटांच्या टोकांवर थेट आदळतो. बेसवर (धावा काढताना गाठायच्या ठाण्यांवर) धावपटू नसेल तर उघडा हात पाठीमागे किंवा घोट्यामागे ठेवावा. धावपटू असेल तर मिटच्या मागे सैल मूठ करून, अंगठा बोटांच्या आत दडवून ठेवावा. ही सवय टेनिसच्या चेंडूवर हळू वेगात घोटून घ्यावी, कारण भीती असताना ती लागत नाही.

मार लागताच खेळ थांबवून मिट, अंगठी, दोरा काढून ठेवावा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत. कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावावा आणि हात छातीच्या वर ठेवावा. बोट ओढून "बसवण्याचा" प्रयत्न कोणीही करू नये आणि तेल लावून चोळूही नये. आतले हाड मोडलेले असल्यास दोन्हींमुळे ते सरकते. त्वचा फाटलेली नसेल तर आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर एक्स-रे लांबवू नये.

एक्स-रे कधी हवा, हे ओळखायला मुलाला हळूच मूठ मिटायला सांगावे. एखादे बोट शेजारच्या बोटावर चढत असेल, बोटाचे टोक खाली लोंबत असून ते स्वतःहून सरळ होत नसेल, सांधा वाकडा दिसत असेल किंवा मनगटात अंगठ्याच्या मुळामागच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. नखाचे मूळ उचलले जाऊन तेथून रक्त येत असेल तर विशेष घाई करावी. मुलांमध्ये नखामागचे हाड मोडून तेथे उघडी जखम झालेली असू शकते आणि तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो. लोंबणाऱ्या टोकाला सहसा सहा ते आठ आठवडे सरळ खपची लावतात आणि त्या काळात आंघोळीसाठीसुद्धा टोक एकदाही वाकू द्यायचे नसते. मुलाला हे सर्वांत कठीण जाते, तेव्हा घरच्यांनी खपची बदलताना बोट टेबलावर सपाट टेकवून धरावे.

हाड शाबूत असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर मुरगळलेले बोट शेजारच्या बोटाला, मध्ये कापसाची पातळ घडी ठेवून, चिकटपट्टीने बांधता येते. सांध्यावर मात्र पट्टी आवळू नये. मूठ पूर्ण मिटते, बोट पूर्ण सरळ होते आणि चेंडू पूर्ण जोराने फेकताना दुखत नाही, तेव्हाच त्याला प्लेटमागे, म्हणजे कॅचरच्या जागी, बसवावे. पहिले काही दिवस मऊ चेंडू व कमी वेग ठेवावा आणि पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) सराव दोन कॅचरांत वाटून घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज परतली असेल, तर त्या दिवशी त्याला झेलायला लावू नये.