आयर्लंडच्या तळ्यांत कृत्रिम आमिषाने पाईक पकडताना

शॅनन नदीवरच्या लॉख डर्ग किंवा लॉख री या तळ्यांत पाईक हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा शोधताना उघड्या पाण्यात गळ टाकत बसण्याऐवजी लव्हाळ्याची कड, पाणवनस्पतींमधली मोकळी जागा आणि उथळ पाणी जिथे एकदम खोल होते ती उतरण आधी पाहावी, कारण हा मासा बहुधा दबा धरून शिकार करतो.

दोरी आणि आमिष यांच्यामध्ये किमान 30 सेंटिमीटर लांबीची तार हवीच. पाईकचे दात साधी दोरी सहज कापतात आणि मग गळ माशाच्या तोंडातच राहतो, जे कधीही होऊ देऊ नये.

धातूचा स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराचे कृत्रिम आमिष, पाण्यात टाकल्यावर तो एकसारखा ओढू नये. रिळाचे तीन-चार फेरे घेऊन क्षणभर थांबावे. स्पून चकाकत, डुलत खाली जाऊ लागतो आणि पुष्कळदा झडप त्याच क्षणी पडते. थंडीत मासा सुस्तावलेला असतो, तेव्हा हा विराम वाढवावा. मासा होडीपर्यंत मागे येऊनही तोंड उघडत नसेल, तर आमिष बाहेर न काढता रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी 8 च्या आकड्यासारखे फिरवावे. ही युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

माशाच्या तोंडातून गळ सोडवायला लांब पक्कड जवळ नसेल तर गळ टाकूच नये. आयर्लंडमध्ये 2006 च्या नियमानुसार दिवसाला एकच पाईक ठेवता येतो आणि 50 सेंटिमीटरहून मोठा पाईक मारता येत नाही. म्हणून मोठा मासा ओल्या चटईवर ठेवून, गळ सोडवून लगेच पाण्यात सोडावा.