मुलांवर आणि अनोळखी माणसांवर धावून जाणारा कुत्रा कसा सुधारावा

कुत्रा गल्लीतल्या मुलांवर किंवा दारी आलेल्या माणसावर धावून जाऊ लागला, की सोलापुरात सर्वांत आधी पट्ट्याचा फटका देण्याचा सल्ला मिळतो, आणि तोच सर्वांत घातक आहे. धावून जाण्यामागे बहुतेक वेळा माज नसून भीती असते. गुरगुरणे ही त्या भीतीची पूर्वसूचना असते. त्यावर मार बसला की भीती तशीच राहते, सूचना तेवढी बंद होते आणि कुत्रा न गुरगुरता चावतो.

प्रथम पशुवैद्याकडून कान, दात व सांधे तपासून घ्यावेत, कारण दुखणारा कुत्रा चिडका होतो. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी. जाळीच्या मुसक्याची सवय घरातच खाऊ देऊन लावावी. जबडा आवळणारी कापडी पट्टी नको, तिच्यात धापा टाकता येत नाहीत आणि इथल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते जिवावर बेतू शकते.

खरी कसोटी अंतराची आहे आणि मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली. कुत्र्याला मूल दिसते, पण तो अजून तुमच्या हातचे खातो, एवढ्या अंतरावर उभे राहावे. मूल दिसल्यानंतरच बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे तुकडे द्यावेत आणि मूल दिसेनासे होताच थांबावे. हा क्रम उलटला, तर खाऊची पिशवी उघडणे हीच धोक्याची खूण ठरते. अंग ताठरणे, श्वास रोखून एकटक पाहणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, खाणे सोडणे, यांपैकी काहीही दिसले तर रागावू नये, मुकाट्याने मागे फिरावे. शेपूट हलते आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ताठ, उंच धरलेली शेपूटही हलते. अंतर कमी करण्याची घाई शेजाऱ्यांना असते, ती आपल्याला नसावी. ‘पोराच्याच हातून बिस्कीट द्या, दोस्ती होईल’ असे सांगणाऱ्याचे तर मुळीच ऐकू नये, कारण बिस्किटाच्या ओढीने जवळ गेलेला कुत्रा ते संपताच नको तितक्या जवळ सापडतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, गर्दीने भरलेल्या होम मैदानाच्या बाजूला कुत्र्याला नेऊच नये.

पाहुणे आल्यावर कुत्रा दुसऱ्या खोलीत ठेवावा. लहान मूल आणि कुत्रा यांना एकत्र सोडून मोठ्यांनी क्षणभरही बाहेर जाऊ नये.

चावा बसलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि कुत्र्याला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हळद, चुना किंवा मिरचीपूड जखमेवर लावू नये.