आधी अर्ज, मग बैठक: विद्यापीठात हितसंबंध कसे नोंदवायचे

विद्यापीठाच्या आस्थापना विभागात माझी २८ वर्षं गेली, त्यातली शेवटची ९ कक्ष अधिकारी म्हणून. 'हितसंबंध जाहीर करा', म्हणजे ज्या निर्णयात तुमचं नातं किंवा व्यवहार गुंतलाय तो आधी कळवा, असं परिपत्रक निघालं की प्राध्यापक असोत की लिपिक, सगळेच बिचकायचे. आपल्यावर कुणीतरी संशय घेतंय असं वाटायचं. तुमची मेहुणी तुमच्याच विभागात मुलाखतीला आली, यात तुमचा काय दोष? ती आत आल्यावरही तुम्ही निवड समितीत बसून राहिलात, तर मात्र दोष तुमचाच.

एक प्रसंग सांगते. प्रयोगशाळेसाठी संगणक घ्यायचे होते. आलेल्या तीन दरपत्रकांतलं एक समितीतल्या एका सरांच्या मेहुण्याच्या दुकानाचं होतं. सरांनी बैठकीत तसं तोंडी सांगितलं. 'माहीत आहे हो सर,' म्हणून सगळे पुढच्या विषयाकडे वळले. दर खरोखर सगळ्यांत कमी होता, खरेदी झाली. दोन वर्षांनी लेखापरीक्षण पथकाने फाइल मागितली. इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढंच, आणि खाली तिसऱ्या क्रमांकावर सरांची सही. समितीतले दोघे तोवर निवृत्त झाले होते, बाकीच्यांना काही आठवेना. सरांनी एक पैसाही खाल्ला नव्हता, याची मला आजही खात्री आहे. तरी त्यांचं पेन्शनचं प्रकरण आठ महिने अडकलं. ते इतिवृत्त मी लिहिलं होतं. सरांचं ते एक वाक्य मी त्यात घेतलं असतं, तर एवढं झालंच नसतं. म्हणून हे सगळं लिहायला बसले.

अर्ज साधा असावा, अर्ध्या पानाचा. कोण व्यक्ती, तुमचं नातं किंवा व्यवहार काय, कोणत्या निर्णयाशी त्याचा संबंध येतो, आणि तुमची विनंती काय. उदाहरणार्थ: 'दि. अमुक रोजीच्या खरेदी समितीच्या बैठकीत विषय क्र. ४ खाली येणाऱ्या दरपत्रकांपैकी एक माझ्या मेहुण्याच्या दुकानाचे आहे. या विषयापुरते मला समितीच्या कामकाजातून वगळावे.' मोठं स्पष्टीकरण नको, 'माझा तसा काही हेतू नाही' वगैरे तर अजिबात नको. विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांकडे पाठवा. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं, हे धरलं जात नाही.

परीक्षेच्या कामाला मात्र हा रस्ता चालत नाही. मुलगा, पुतणी, जावई परीक्षेला बसणार असेल आणि तुम्हाला प्रश्नपत्रिका काढण्याचं पत्र आलं असेल, तर विभागप्रमुखांमार्फत जाऊच नका. तुमची नेमणूकच गोपनीय असते, मधल्या टेबलांवर ती फुटते. बंद पाकिटावर 'गोपनीय' लिहून थेट परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना द्या. पेपर तपासणीसाठी कॅप सेंटरवर (उत्तरपत्रिका एकत्र तपासण्याच्या केंद्रावर) बोलावलं असेल तरी हेच करा. 'बारकोड असतो, नाव थोडंच दिसतं' हे मी पुष्कळदा ऐकलंय. घरच्या मुलाचं अक्षर ओळखायला नाव लागत नाही.

पीएच.डी.चं थोडक्यात. २०२२च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांनुसार प्रबंध तपासायला मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाहेरचे परीक्षक लागतात. नावं सुचवताना तुमचे सहलेखक आणि जुने विद्यार्थी त्यातून वगळा.

आता बाहेरची कामं. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांतली व्यावसायिक आचारसंहिता शिक्षकांना स्पष्ट सांगते, की नेमून दिलेल्या कामात अडथळा येईल अशी दुसरी नोकरी किंवा बांधिलकी घेऊ नये, आणि खासगी शिकवण्या व कोचिंग क्लासेसही त्यात आले. त्याच विनियमांत पूर्णवेळ शिक्षकाला आठवड्याला किमान ४० तासांचं काम आहे. त्यामुळे दुसऱ्या महाविद्यालयात तासिका, कंपनीला सल्ला, प्रकाशकासाठी गाइड लिहिणं, यातलं काहीही करायचं तर आधी लेखी परवानगी घ्या. अर्जात आठवड्याचे तास, मानधन आणि काम संपण्याची तारीख लिहा. तारीख नसलेली परवानगी मागू नका आणि मिळालेली कायमची समजू नका, दर वर्षी नव्याने मागा. क्लास बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असला तरी सांगा, कारण त्या क्लासची मुलं तुमच्याच वर्गात बसतात. शिक्षकेतर सहकाऱ्यांनीही हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. परीक्षा विभागातल्या लिपिकाच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान विद्यापीठाच्या गेटसमोर असेल, तर तेही अर्जात आलं पाहिजे. विम्याची एजन्सी घरात कुणाच्याही नावावर असो, स्टाफरूममध्ये पॉलिसी विकू नका.

अर्ज ज्यांच्या टेबलावर येतात, त्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना कळकळीची विनंती. 'नोंद घेतली' असा शेरा मारून कागद फाइलला लावला, म्हणजे काम झालं नाही. या व्यक्तीऐवजी निर्णय कोण घेणार, हे टिप्पणीत मांडा, सक्षम अधिकाऱ्याची सही घ्या आणि अर्जदाराला बैठकीआधी लेखी कळवा. एक सदस्य बाहेर गेल्यावर गणसंख्या, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, पुरते का, हे आदल्या दिवशीच मोजा. इतिवृत्तात मी नंतर कायम असं लिहीत गेले: 'विषय क्र. ४ चर्चेस आला असता सदस्य क्र. ३ सभागृहाबाहेर गेले. निर्णय झाल्यानंतर ते परत आले.' सदस्य खुर्ची मागे सरकवून तिथेच बसले असतील, तर हे वाक्य लिहायचं नाही. त्यांना नम्रपणे बाहेर जायला सांगायचं. कुलगुरू अध्यक्ष असतील आणि विषय त्यांच्याच नातलगाचा असेल, तरीही.

आणि उशीर झालाच असेल, बैठक होऊन गेली असेल, तर आजच्या तारखेने अर्ज द्या, 'त्या वेळी कळवायचे राहिले' हे त्यात लिहा आणि निर्णयाचा फेरविचार करण्याची विनंती करा. ओळखीच्या लिपिकाला सांगून मागची तारीख घालून घेऊ नका. आवक नोंदवहीत त्या दिवसाचे क्रमांक सलग असतात, मध्ये घुसवलेली ओळ पहिल्याच नजरेत दिसते, आणि मग तुमच्याबरोबर तो लिपिकही चौकशीत सापडतो.