एक पगार, नऊ माणसं: वर्षाचं धान्य आणि कागद

आई-वडील, नवरा-बायको आणि पाच मुलं; कमावणारा एकटा बाप, तो बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेत कारखान्यात कामाला जातो. अशा घरात पैशाची तंगी सगळ्यात आधी धान्यात दिसते, म्हणून हिशेब तिथूनच मांडावा.

अंगमेहनतीच्या घरात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम आणि मुलाला सरासरी २८० ग्रॅम धान्य धरा. नऊ जणांचं दिवसाला ३ किलो, महिन्याला ९० किलो होतं. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे बीपीएल कार्डावर माणशी ५ किलो, म्हणजे ४५ किलो मिळतं. अंत्योदय कार्डाला घरामागे ३५ किलो ठरलेलं आहे, त्यामुळे सातच्या वर माणसं असतील तर बीपीएलचं माप जास्त भरतं. राज्याकडून जे जादा मिळतं त्याचं स्वरूप बदलत आलंय. ते आलं तर आलं, त्यावर घर बांधू नका. धाकट्याचं नाव कार्डावर चढवायचं राहिलं, की वर्षाला ६० किलो धान्य गेलं. जन्मदाखला हातात आला की आधार काढून लगेच नाव चढवा.

रेशनला बहुतेक तांदूळच येतो. भाकरीची ज्वारी विकत घ्यावी लागते, आणि ती किलो-किलोनं घेणं हा गरीब घराला पडणारा सगळ्यात मोठा भुर्दंड आहे. अथणी-सौंदत्तीकडची शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा दर उतरलेला असतो. वर्षाला तीन क्विंटल लागते असं धरा. एकदम घ्यायला पैसा नसतो, म्हणून फेब्रुवारी, मार्च, एप्रिल असं एकेक क्विंटल घ्या. भिशीत असाल तर आपली पाळी मार्चला मागून घ्या.

आणलेली ज्वारी दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा. दाणा दाताखाली धरून बघा: कट्‌ करून फुटला तर वाळला, दबला तर अजून एक ऊन द्या. गरम धान्य तसंच कोठीत भरू नका. आत घाम धरतो आणि बुरशी येते. रात्रभर गार होऊ द्या, मग वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचे थर देत भरा. कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीची ओल थेट पत्र्यात उतरते. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र घरात आणूच नका. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो, आणि ज्या खोलीत कोठी असते त्याच खोलीत मुलं झोपतात.

दळण आठ दिवसांचंच करा. पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. तसं झालंच तर उकळतं पाणी घालून मळा. वर्षभराची चटणीही एप्रिल-मेमध्येच, संकेश्वरी मिरची उन्हात तापवून करून ठेवावी.

आता कागद. सीमाभागात पैसा अडतो तो इथं. मुलगा मराठी शाळेत, कार्यालय कन्नड, आणि इंग्रजी स्पेलिंग जो तो आपापल्या उच्चारानं लिहितो. ज्ञानेश्वर हे नाव शाळेत ‘डीएनवाय’नं सुरू होतं, कन्नड कागदावर ‘जेएन’नं. आधार, रेशनकार्ड, बँक आणि शाळेचा दाखला यांत एका अक्षराचा फरक असला तरी शिष्यवृत्ती अडकते. दहावीच्या परीक्षेच्या नोंदीवर जे नाव जातं तेच पुढं चालतं, म्हणून नववीतच चारही कागद शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) मिळतो. जूनमध्ये तिथं झुंबड असते; एप्रिलमध्येच अर्ज टाका.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव आहे तिलाच मिळतात. सासू-सून दोघींनी अर्ज भरून उपयोग नाही, आणि हप्ता मागेपुढे होतो, म्हणून त्यावर उधारी करू नका.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तुमचा हक्क आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, १६,००० वर १२० रुपये. त्यात बायको-मुलांबरोबर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचेही उपचार बसतात. चूक होते ती अशी: कपात चालू असते, पण घरच्यांची नावंच भरलेली नसतात, आणि ते कळतं ते म्हातारी आजारी पडल्यावर. पगारचिठ्ठीवरचा ईएसआय नंबर बघा, कुटुंबाच्या यादीची प्रत काढून घ्या, नवीन बाळ झालं की नोंद करा. आजारपणाच्या पगारासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. मग वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. ठेकेदार हजेरी कमी दाखवत असेल तर हे ७८ दिवस भरत नाहीत, म्हणून घरच्या कॅलेंडरवर रोजची हजेरी स्वतः मांडा आणि दर महिन्याला चिठ्ठीशी ताडून बघा.