गावातल्या घरासाठी राउटर पारखायचा कसा

भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेण्याच्या सरकारी योजनेची, फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली तशी बऱ्याच घरी आता कनेक्शन येऊन राहिलेत, अन् मग सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ राउटर कोणता घेऊ. पहिले तर खोक्यावरचा मोठा आकडा सोडून द्या. राउटर वायफाय दोन पट्ट्यांवर सोडते, 2.4 गिगाहर्ट्झ अन् 5 गिगाहर्ट्झ. एसी1200 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झचे 300 अन् 5 गिगाहर्ट्झचे 867 एमबीपीएस (नेटच्या वेगाचं माप) मिळून 1167, ते गोल करून 1200, तेही कागदावर. प्लान 50 एमबीपीएसचा असन तर त्याचा काय उपयोग? अँटेना चार असो की सहा, त्यावरूनही रेंज ठरत नाही. पाहायचंच असन तर मागचे केबल लावायचे पोर्ट गिगाबिट, म्हणजे 1000 एमबीपीएसचे, आहेत का ते पाहा, स्वस्त राउटरचे बरेचदा 100 एमबीपीएसचेच असतात, मग प्लान 150 चा घेतला तरी 95 च्या आसपासच अडकते. आणखी एक, फायबर सरळ साध्या राउटरला लागत नाही, ती ओएनटीला, म्हणजे कंपनीच्या फायबरच्या डब्बीला लागते, अन् त्या ओएनटीतच पुष्कळदा वायफाय असते, म्हणून वेगळा राउटर लागते का तेच आधी तपासा.

खरं तपासणं घरी आणल्यावर. जिथं कायमचा लावायचा तिथंच लावा, 2.4 अन् 5 ची नावं वेगवेगळी ठेवा, मोबाइलमध्ये सिग्नल मोजणारं वायफाय अ‍ॅनालायझरचं एखादं अ‍ॅप टाका अन् घरभर फिरा, मधली खोली, स्वयंपाकघर, ओसरी, अंगण, गोठा, जिथं जिथं पोरं मोबाइल घेऊन बसतात तिथं. सिग्नलचा आकडा (डीबीएम) उणेमध्ये येते, -50 एकदम मस्त, -67 पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालते, -80 ला गेला की फोटोही नीट उघडत नाही. जुन्या घराच्या जाड मातीच्या भिंतीत 5 गिगाहर्ट्झ लवकर मरते, 2.4 हळू असलं तरी पुढं जाते.

अन् हे उन्हाळ्यात कूलर बसवल्यावर पुन्हा मोजा. जाड भिंतीच्या घरात सिग्नल बाहेर निघतो तो मुख्यतः दारं-खिडक्यांतून, अन् आपण नेमका तिथंच लोखंडी पत्र्याचा कूलर बसवतो, आत पाणी, बाजूला ओल्या ताट्या. पत्रा सिग्नल परतवते, पाणी शोषून घेते, अन् अंगणातली रेंज पडते. यात राउटरचा दोष नाही, त्याची जागा बदला.

नेट हळू वाटलं तर राउटरवर खापर फोडायच्या आधी लॅपटॉप केबलनं सरळ ओएनटीला जोडून पाहा. केबलवरही हळूच असन तर बहुतेक नेटची लाईनच खराब, कंपनीला फोन करा, नवीन राउटर आणून काहीच होणार नाही.

आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट गरमी. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालायचं तापमान बहुतेक वेळा 0 ते 40 अंश लिहिलेलं असते, अन् मे महिन्यात चंद्रपूर, अकोला, वर्ध्याकडं बाहेरच 45 च्या वर जाते, टिनाच्या खाली तर विचारूच नका. म्हणून दुपारी दोन ते चारच्या मध्ये एक लांब व्हिडिओ लावून ठेवा, नेट वारंवार तुटत असन किंवा राउटर स्वतःहून बंद-चालू होत असन तर तो परत करा. पत्र्यापासून खाली, उघड्या भिंतीवर लावा, कपाटात किंवा इन्व्हर्टरवर ठेवू नका.

मग विजेची लाईन जाण्याचं. अ‍ॅडाप्टरवर 12 व्होल्ट 1 अ‍ॅम्पिअर असं जे लिहिलं असन तेवढ्याच व्होल्टचा अन् तेवढ्या किंवा जास्त अ‍ॅम्पिअरचा मिनी यूपीएस (राउटरसाठीची छोटी बॅटरी) घ्या, अन् ओएनटी वेगळा असन तर त्यालाही जोडा, नाहीतर वायफाय दिसन पण नेट नाही. डीपी जवळ असो की दूर, लाईन मुद्दाम बंद करून एकदा पाहाच, राउटर न थांबता चालते का. विजा कडकडायला लागल्या की अ‍ॅडाप्टर प्लगमधून काढून ठेवा.

वायफायला पासवर्ड लावा अन् सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा डब्ल्यूपीए3 ठेवा, राउटरमागं छापलेला अ‍ॅडमिनचा (सेटिंग उघडायचा) पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, अन् बिल सांभाळून ठेवा, वॉरंटीत दुकानदार पहिले तेच मागते.