बोटाची कंडरा शिवल्यानंतरची हालचाल

सोलापुरात यंत्रमागावर काम करताना किंवा कात्रीने विडीची पाने कापताना बोटाची तळव्याकडची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन) तुटली आणि ती शस्त्रक्रियेने शिवली, की बोट हलवावे की नाही, हा प्रश्न घरात पडतोच. बोट पूर्ण स्थिर ठेवल्यास कंडरा भोवतालच्या आवरणाला चिकटते आणि सरकेनाशी होते. उलट जोर लावल्यास जोड सुटते, आणि पहिले 3 आठवडे ती विशेष नाजूक असते. म्हणून थेरपिस्टने शिकवल्यानंतरच, स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी) न काढता, दुसऱ्या हाताने बोट अलगद तळव्याकडे वाकवावे आणि मग ते स्प्लिंटला टेकेपर्यंत सरळ होऊ द्यावे. स्प्लिंट साधारण 6 आठवडे असते. भरलेली घागर उचलणे किंवा मागावर परतणे मात्र सुमारे 12 आठवड्यांनी, सर्जनच्या परवानगीनेच. वाकणारे बोट अचानक वाकेनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.